पॉलिहाऊसचा अर्ज भरताय? आधी रोपांना पेपर दाखवा

अनुदानावर पॉलिहाऊस उभारायचं म्हटलं की आपल्या सातारा-सांगलीकडे माणूस सातबारा काढायला पळतो. सातबारा एका दिवसात मिळतो. वेळ द्यायचा तो कोटेशनला, कारण छपराला कुठला पेपर, म्हणजे प्लास्टिकची फिल्म, येणार हे त्या कोटेशनमध्येच ठरून जातं.

'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' म्हणजे पेपर उन्हाने लवकर तडकत नाही, एवढंच. 'यूव्ही ब्लॉकिंग' म्हणजे सूर्याचे अतिनील किरण तो आत येऊ देत नाही. दोन्ही 200 मायक्रॉनचेच मिळतात आणि हाताला सारखेच लागतात. पहिल्या वेळी मीही दोन्ही एकच समजून सही ठोकली होती.

ब्लॉकिंग पेपरखाली पांढरी माशी आणि फुलकिडे कमी येतात, कारण त्यांना वाट दिसते ती याच किरणांमुळे. पण मधमाशीचंही तसंच आहे, तीही आत गोंधळते. गडद लाल गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडणं या पेपरने कमी होतं. उलट लाल लेट्यूस फिकं राहतं, आणि जांभळ्या वांग्याच्या काही जातींना रंगच धरत नाही.

म्हणून कोटेशन घेण्याआधी कंपनीकडून दोन्ही पेपरचे तुकडे मागून घ्या. बांबूच्या कामट्या वाकवून दोन छोटे मांडव करा, दोन्हीखाली एकाच ट्रेमधली रोपं ठेवा, पाणी सारखं द्या. दर दोन दिवसांनी रोपांसकट मांडवांच्या जागा अदलाबदल करा, नाहीतर सावलीचा फरक पेपरच्या माथी जातो. तीन-चार आठवड्यांनी वरून तिसरं पान खुडून दोन्हीकडचं शेजारी ठेवा. पानाची जाडी, रंग आणि दोन पेरांमधलं अंतर पाहा. घरातला जंतुनाशक यूव्ही दिवा मात्र उन्हाऐवजी यासाठी लावू नका. तो 254 नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही-सी. सूर्याचा तो भाग जमिनीपर्यंत पोचतच नाही. प्रयोगशाळेतसुद्धा यूव्ही-बी दिव्यापुढे सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म लावून त्यातला यूव्ही-सी गाळून घेतात.

आता अर्ज. जमीन तुमच्या नावावर हवी. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि भाऊबंदकी असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. 15 एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. महाडीबीटी पोर्टलवर फलोत्पादन घटकात हरितगृह (म्हणजे पॉलिहाऊस) निवडा आणि 23 रुपये 60 पैसे भरा. निवड झाल्याचा मेसेज आला की सातबारा, आठ-अ, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक आणि कोटेशन अपलोड करायचं. अनुसूचित जाती-जमातीतल्या अर्जदारांनी जातीचा दाखलाही जोडायचा. पासबुकवरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आधीच बघा.

पूर्वसंमती हातात येईपर्यंत खड्डासुद्धा खणू नका. आधी केलेलं काम अनुदानात धरत नाहीत. काम झालं की पक्कं बिल चढवायचं, मग मोका तपासणी होते, जागेचे जिओ-टॅग फोटो निघतात आणि अनुदान थेट खात्यात जमा होतं. ते सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाच्या निम्मं असतं, तुमच्या बिलाच्या निम्मं नाही.

कोटेशनवर फक्त 'यूव्ही पेपर' असं मोघम लिहून देऊ लागले तर परत पाठवा. तुमच्या मांडवात जो पेपर पास झाला, त्याचा प्रकार आणि मायक्रॉन त्यात स्पष्ट लिहून घ्या. पेपरचे रोल आले की त्यांवरचं लेबल उतरवायच्या आधी फोटो काढून ठेवा.