निकोची पेटी

ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर भाचीनं माझ्या कानात हेडफोन कोंबला. "मामा, ऐक ना, कसलं भुताटकीचं वाटतंय!" बाईचा घोगरा आवाज, जर्मन वळणाचं इंग्रजी आणि खाली भात्यागणिक फुगणारा एकच सूर. अगं, ही तर पेटी!

गायिका निको, अल्बम १९६८चा 'द मार्बल इंडेक्स'. मॉडेलिंग, मग न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडबरोबर गाणं, आणि नंतर बाईंनी हार्मोनियम धरली ती कायमची. त्याच बँडमधल्या जॉन केलनं तिच्याभोवती व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) वगैरे रचली. खप नावालाच, पण पुढे काळे कपडे घालून गाणाऱ्या 'गॉथ' मंडळींची ही आजी.

पॉपमध्ये अशी गजानं वाजणारी तंतुवाद्यं त्याआधीच शिरली होती. बीटल्सच्या १९६६च्या 'एलेनॉर रिग्बी'त चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. बीटल्सपैकी एकानंही वाद्याला हात लावलेला नाही. विषय काय, तर एकाकी बाईचं मरण.

असल्या काळ्या विषयांच्या गाण्यांत नाटकीपणा आला बर्लिनहून. नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांचा 'थ्री पेनी ऑपेरा' १९२८चा: गोड चालीवर दरोडेखोराचे खून. आपल्याकडे पु. लं.नी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, जब्बार पटेलांनी बसवला, नंदू भेंडेंनी रॉकच्या ढंगात गायला. साल १९७८. कट्ट्यावरून दिसणारं गडकरी रंगायतनही त्याच सालचं.

पेटी मुळात परदेशी. पॅरिसमध्ये दबँ नावाच्या वाद्य बनवणाऱ्यानं १८४२ साली पेटंट घेतलं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला. संगीत नाटकानं तर पायपेटी डोक्यावरच घेतली. तरी १९४०पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. कारण मींड निघत नाही: गळा एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो, पट्टी मात्र जिथल्या तिथे. शास्त्रीय गाण्याला नडणारा हाच हट्टीपणा निकोच्या कामी आला, असं माझं मत. आवाज हेलकावतो, खालचा सूर हलत नाही. भीती वाटते ती तिथे.

भाचीला नौपाड्यात घरी आणलं. आजोबांची पेटी माळ्यावरून काढली. "खालचा सा दाब आणि भाता थांबवू नकोस." तिनं दाबला. बोट उचललं तरी पट्टी अडकून सूर चालूच राहिला, घरघरत. मी पेचकस शोधायला उठलो.

"मामा, थांब! दुरुस्त नको करूस."