तारांकित प्रश्न

तारांकित प्रश्न म्हणजे विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सदस्याने मंत्र्याला लेखी सूचना देऊन विचारलेला आणि सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न. प्रश्नांच्या यादीत त्याच्यापुढे तारकेची खूण छापतात, त्यावरून हे नाव पडले. ज्याचे उत्तर केवळ लेखी मिळते तो अतारांकित प्रश्न. तारांकित प्रश्नावर उपप्रश्न, म्हणजे मंत्र्याच्या उत्तरानंतर तिथल्या तिथे पुढचे प्रश्न, विचारता येतात, अतारांकितवर येत नाहीत. शासनाची धोरणे आणि डॉक्टर, वकील, औषधनिर्माते, सनदी लेखापाल यांसारख्या व्यवसायांचे नियमन यांविषयी शासनाला सभागृहात उत्तर द्यायला लावण्याचे हे सर्वांत नेमके साधन आहे. आकडेवारी हवी असेल तर मात्र अतारांकित प्रश्नच अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला जोडलेले जिल्हावार किंवा वर्षवार विवरणपत्र कायमचे अभिलेखात राहते.

राज्यघटनेत प्रश्नोत्तराच्या तासाचा उल्लेख नाही. अनुच्छेद ११८ (संसद) आणि २०८ (राज्य विधानमंडळे) यांनुसार सभागृहांनी स्वतःचे कामकाज-नियम केले आणि त्या नियमांतून हा अधिकार येतो. मुळाशी आहे ती अनुच्छेद ७५(३) व १६४(२) मधील मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी. ब्रिटिश काळात १८९२ च्या कायद्याने विधिपरिषदेतील (तेव्हाच्या कायदेमंडळातील) सदस्यांना प्रश्न विचारण्याची पहिली मुभा दिली, पण उपप्रश्न नव्हते. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला.

लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास असतो. राज्यसभेत २०१४ पासून तो दुपारी १२ ते १ असा आहे. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका सदस्याचा एका दिवशी एकच प्रश्न तारांकित यादीत येऊ शकतो, आणि यादीतील क्रम सोडतीने ठरतो. प्रत्यक्ष तासात पहिले पाच-सहा प्रश्नच चर्चेला येतात. बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात (सभागृहात लेखी सादर होतात), म्हणजे ते व्यवहारात अतारांकितच ठरतात. महाराष्ट्र विधानसभा व विधानपरिषद यांचे नियम स्वतंत्र आहेत. मुदती आणि संख्या वेगळ्या असल्या तरी प्रश्नाची घडण तीच.

प्रश्न स्वीकारायचा की नाही, हे अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात. लोकसभेच्या नियम ४१ नुसार प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप किंवा काल्पनिक परिस्थिती नसावी. तो मंत्र्याचे मत किंवा कायद्याचा अर्थ विचारणारा नसावा, न्यायप्रविष्ट बाबीवर नसावा आणि सहज उपलब्ध प्रकाशनांत मिळणारी माहिती मागणारा नसावा. पुष्कळ सूचना याच चाळणीत अडकतात, आणि त्याचे कारण बहुधा विषय नसून शब्दरचना असते.

महाराष्ट्रात प्रश्नाचा पारंपरिक साचा असा: ‘(१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’ हा साचा सोयीचा आहे, पण त्याच्या पहिल्याच भागात धोका आहे. (१) मध्ये तारीख, गाव किंवा आकडा यांपैकी एक जरी चुकले, तरी ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येते आणि पुढच्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द पुरतात. चार ओळींत प्रकरण मिटते. वृत्तपत्रातील बातमी जशीच्या तशी प्रश्नात उतरवली की हे हमखास होते.

बोगस डॉक्टरांचा विषय घ्या. ‘राज्यात बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट झाला आहे, हे खरे आहे काय’ या प्रश्नातून काहीच हाती लागत नाही. तोच विषय असा विचारता येतो: ‘(१) अमुक जिल्ह्यात मागील आर्थिक वर्षात महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली तालुकानिहाय किती गुन्हे नोंदविण्यात आले, (२) त्यांपैकी किती प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल झाले व किती प्रकरणांत शिक्षा झाली, (३) बोगस डॉक्टरांच्या शोधासाठी नेमलेल्या जिल्हास्तरीय समितीच्या बैठका कोणत्या दिनांकांना झाल्या ?’ यात होय-नाहीला जागाच नाही. गुन्हे पुष्कळ आणि शिक्षा शून्य असे उत्तर आले, तर उपप्रश्न आपोआप तयार होतो. व्याप्ती मात्र आवरती ठेवावी लागते. संपूर्ण राज्याची दहा वर्षांची माहिती मागितली की ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ एवढेच हाती येते.

व्यवसाय-नियमनाच्या प्रश्नांत दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. पहिली, विषय कोणाचा. सातव्या अनुसूचीत ‘विधी, वैद्यक व इतर व्यवसाय’ हा समवर्ती सूचीतील (केंद्र व राज्य दोघांच्या अधिकारातील) २६ वा विषय आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्य सूचीत येतात. त्यामुळे रुग्णालयातील निष्काळजीपणावर संसदेत प्रश्न विचारला की ‘आरोग्य हा राज्याचा विषय आहे’ हे उत्तर ठरलेले. केंद्रात नियमनही मंत्रालयांत विभागलेले आहे. वकिलांचा कायदा (१९६१) विधी व न्याय मंत्रालयाकडे, सनदी लेखापालांचा (१९४९) कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे, औषधनिर्मात्यांचा (१९४८) आरोग्य मंत्रालयाकडे आणि वास्तुविशारदांचा (१९७२) शिक्षण मंत्रालयाकडे. प्रत्येक मंत्रालयाचे उत्तर देण्याचे वार ठरलेले असतात. चुकीच्या मंत्रालयाच्या नावे दिलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो आणि त्यात तारीख निसटते.

दुसरी गोष्ट, कायदा नेमके काय संरक्षित करतो. वैद्यक कायदे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला व्यवसाय करायलाच मनाई करतात. वास्तुविशारद अधिनियम मात्र केवळ ‘वास्तुविशारद’ हे पदनाम राखतो, त्या प्रकारचे काम नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. हा फरक न जाणता विचारलेला प्रश्न ‘कायद्यात तशी तरतूद नाही’ या एका वाक्यात संपतो. अशा वेळी ‘तरतूद करण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय’ हाच खरा प्रश्न असतो.

व्यावसायिकांची नोंदणी व शिस्त पाहणाऱ्या परिषदा आणि आयोग या स्वायत्त वैधानिक संस्था आहेत, ही मंत्र्यांची आवडती ढाल. ‘परिषदेने अमुक डॉक्टरवर कारवाई का केली नाही’ असे विचारले की मंत्री स्वायत्ततेकडे बोट दाखवून मोकळे होतात, आणि वैयक्तिक प्रकरणांपुरते ते योग्यही आहे. शिस्तभंगाचा निर्णय सभागृहाच्या दबावाखाली होऊ नये. पण परिषदेवर सदस्य नेमणे, निवडणूक वेळेवर घेणे, नियमांना मंजुरी देणे, निबंधकाचे पद भरणे, धोरणात्मक निदेश देणे ही शासनाची कामे आहेत आणि त्यांची उत्तरे मंत्र्यांनीच द्यायची असतात. उदाहरणार्थ, भौतिकोपचार (फिजिओथेरपी), प्रयोगशाळा तंत्रज्ञान अशा क्षेत्रांसाठी २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा झाला. त्यात दहा व्यवसायगट आहेत आणि राज्यांनी राज्य परिषदा स्थापन करायच्या आहेत. परिषद कोणत्या दिनांकाच्या अधिसूचनेने स्थापन झाली, किती पदे रिक्त आहेत, किती तक्रारी एक वर्षाहून अधिक काळ प्रलंबित आहेत, ही विचारणा स्वायत्ततेला धक्का न लावता दिरंगाई उघडी करते.

स्वीकृत प्रश्न मंत्रालयातील संबंधित विभागात जातो. कक्ष अधिकारी क्षेत्रीय कार्यालयांकडून माहिती मागवतो. मसुदा अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढत मंत्र्यांच्या मान्यतेला येतो. सोबत संभाव्य उपप्रश्नांची टिपणी जोडलेली असते. म्हणून टिपणीत नसलेली, पण मूळ उत्तरातूनच निघणारी बाब विचारणारा उपप्रश्न सर्वांत परिणामकारक. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात. त्यांतला एक भाषणात घालवणे ही नव्या सदस्यांची नेहमीची चूक आहे. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर आले असेल, तर खरा अंश कोणता हे आधी विचारावे.

चिकाटीने विचारलेला प्रश्न काय घडवू शकतो, याचे हे उदाहरण. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोटी रुपयांच्या आसपासच्या रकमेवर लोकसभेत प्रश्न आले. सुरुवातीची उत्तरे मोघम होती. खासदार फिरोज गांधींनी विषय सोडला नाही. न्या. एम. सी. छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. उलट बाजूही आहे. मुंबईतील सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात १९५१ मध्ये संसद सदस्य एच. जी. मुद्गल यांना सदस्यत्व गमवावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये याच कारणासाठी ११ खासदार बडतर्फ झाले. व्यावसायिक संघटना सदस्यांना प्रश्नांचे मसुदे देतात, त्यात गैर काही नाही. सदस्य स्वतः त्या व्यवसायात असेल, तर हितसंबंध जाहीर करणे त्याच्यावर बंधनकारक असले पाहिजे.

उत्तर अपुरे वाटले तर लोकसभेत तीन दिवसांच्या सूचनेने अर्धा तास चर्चा मागता येते. महाराष्ट्र विधानसभेत नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना हा तातडीच्या बाबींसाठीचा मार्ग अधिक रुळलेला आहे. सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे आश्वासन समिती. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. ‘तपासून पाहू’, ‘माहिती पटलावर ठेवू’, ‘विचाराधीन आहे’ यांसारखी मंत्र्यांची वाक्ये समितीकडे आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि लोकसभेत ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात. मुदतवाढ मागता येते, आश्वासन वगळण्याची विनंतीही करता येते, आणि विभाग दोन्ही करतात. म्हणून उत्तराचा दिनांक, प्रश्न क्रमांक आणि मंत्र्यांचे नेमके शब्द कार्यवृत्तातून उतरवून घ्यावेत, तीन महिन्यांनी समितीकडे लेखी विचारणा करावी आणि पुढच्या अधिवेशनातील प्रश्न त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन लिहावा.