डोके व मानेचा कर्करोग : प्रमाण आणि वितरण

डोके व मानेचा कर्करोग हे एका रोगाचे नाव नाही. ओठांपासून स्वरयंत्रापर्यंतच्या वाटेवर उद्भवणाऱ्या अनेक कर्करोगांना मिळून दिलेले ते सामाईक नाव आहे. तोंडाची पोकळी व जीभ, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ जिथे येते ती मुखग्रसनी, नाकामागची नासाग्रसनी, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली अधोग्रसनी, स्वरयंत्र, नाक व त्याभोवतीच्या हाडांतील पोकळ्या आणि लाळग्रंथी एवढा प्रदेश त्यात येतो. मेंदू, डोळे आणि थायरॉइड ग्रंथी याच भागात असूनही त्यांचे कर्करोग या गटात सहसा धरत नाहीत. गटातील दहांपैकी नऊहून अधिक गाठी अस्तराच्या चपट्या पेशींतून निर्माण होतात आणि त्यांवरील उपचार बहुधा एकाच विभागात होतात, म्हणून त्यांची अशी मोट बांधणे डॉक्टरांना सोयीचे जाते. हा रोग कोणाला होतो, असा प्रश्न विचारला की मात्र हीच सोय अडचणीची ठरते. कारण या वाटेवरील प्रत्येक मुक्कामाचे रोगी वेगळे असतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२०च्या अंदाजांनुसार जगात त्या वर्षी ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७८ हजार, स्वरयंत्राचे १ लाख ८५ हजार, नासाग्रसनीचे १ लाख ३३ हजार, मुखग्रसनीचे ९८ हजार, अधोग्रसनीचे ८४ हजार आणि लाळग्रंथींचे ५४ हजार नवे रुग्ण आढळले. या सर्वांची बेरीज सव्वानऊ लाखांच्या पुढे जाते आणि त्यांमुळे झालेले मृत्यू पावणेपाच लाखांच्या आसपास भरतात. तोंडाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे १ लाख ३६ हजार, म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक, एकट्या भारतातील होते. जगाच्या लोकसंख्येतील भारताचा वाटा मात्र सहांमागे एकाच्या जवळपास आहे. भारतीय पुरुषांत हाच सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे.

जवळजवळ सर्वत्र हा पुरुषांचा रोग आहे. वर दिलेल्या स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या रुग्णांत १ लाख ६० हजार पुरुष, तर २४ हजार स्त्रिया होत्या. ही तफावत मुख्यतः सवयींतील तफावतीमुळे दिसते. धूम्रपान आणि मद्य यांची जोड विशेष घातक असते. दोहोंचे धोके एकमेकांत नुसते मिळवले जात नाहीत, तर गुणले जातात. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हींचे अतिसेवन करणाऱ्यांना तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींपासून दूर असणाऱ्यांच्या ३५ पटींहून अधिक आढळला होता. पाश्चात्त्य देशांत रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा असतो, तर भारतात तो साधारण दहा वर्षे आधी, घरची जबाबदारी अंगावर असतानाच, दवाखान्यात येतो. तंबाखू आणि सुपारी येथे शाळकरी वयातच तोंडात पडते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

धूरविरहित तंबाखूच्या बाबतीत सवय आणि रोगाची जागा यांचे नाते इतके घट्ट आहे की गाठ कोठे आहे यावरून रुग्ण तंबाखू कोठे धरत होता हे अनेकदा सांगता येते. चुना लावून मळलेली चिमूट किंवा गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा हे पदार्थ गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत तासन्‌तास राहतात आणि भारतातील मुखकर्करोग मोठ्या संख्येने त्याच खोबणीत उद्भवतो. युरोप-अमेरिकेत तो जिभेच्या कडेला व जिभेखाली अधिक आढळतो. आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर, विशेषतः स्त्रियांत, चुट्ट्याचे, म्हणजे गावठी चिरुटाचे, जळते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत होती आणि तेथे टाळूचा कर्करोग, जो इतरत्र विरळा, नेहमीचा ठरला. गोव्यातही पानात गुंडाळलेली धुमटी अशीच उलटी ओढली जात असे. तेथील ५,४४९ ग्रामस्थांची पाहणी १९७६ साली प्रसिद्ध झाली आहे. त्याआधी, १९७२ साली, महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची घरोघर जाऊन केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. तोंडाच्या कर्करोगाविषयीच्या जगातील मोठ्या पाहण्यांत तिची गणना होते.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या वाट्याला हा रोग बऱ्याच अंशी मिश्रीवाटे येतो. तव्यावर भाजलेली तंबाखूची पूड दात घासण्यासाठी म्हणून वापरली जात असल्याने तिला व्यसन मानण्याची रीत नाही, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे नकार देऊ शकते. प्रश्नावली तयार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करताना आढळले; धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते.

सुपारीला तंबाखूची सोबत लागत नाही. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगजनक असल्याचा निर्वाळा वरील आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तैवानमध्ये सुपारी तंबाखूशिवायच चघळतात, तरी तेथे मुखकर्करोगाचे प्रमाण जगातील वरच्या दरांत मोडते. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचून अस्तर आक्रसते व तोंड उघडेनासे होते. कर्करोगाकडे नेणाऱ्या या विकाराचे आधुनिक वैद्यकातील पहिले वर्णन १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांवरून झाले. सवय माणसाबरोबर समुद्रापार जाते. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वस्त्यांतही तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण म्हणूनच जास्त आढळते.

नासाग्रसनीचा कर्करोग या साऱ्याहून निराळा आहे. तो दक्षिण चीन, आग्नेय आशिया, उत्तर आफ्रिका आणि आर्क्टिकमधील इन्युइट लोकांत एकवटलेला आहे. भारतात तो एरवी दुर्मीळ असला तरी नागालँडमध्ये ठळकपणे दिसतो. एपस्टाइन-बार विषाणू, आनुवंशिक प्रवृत्ती आणि चिनी पद्धतीची खारवलेली मासळी ही त्याची कारणे होत. अधोग्रसनीच्या कर्करोगाचे प्रमाण ईशान्य भारतात, विशेषतः मेघालयात, मोठे आहे. नाकाच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा एक प्रकार इंग्लंडमधील हाय विकम येथील लाकडी फर्निचरच्या कारागिरांत आढळला, तेव्हा लाकडाच्या भुशाचा दोष उघड झाला.

गेल्या काही दशकांतील सर्वांत मोठा बदल मुखग्रसनीत झाला आहे. अमेरिकेत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या मुखग्रसनीच्या कर्करोगाचे प्रमाण १९८८ ते २००४ या काळात २२५ टक्क्यांनी वाढले, तर त्याच जागेच्या विषाणूविरहित कर्करोगाचे प्रमाण निम्म्याने घटले. विषाणूजन्य कर्करोगाचा हा रोगी तुलनेने तरुण व सुस्थितीतला असतो, अनेकदा त्याने कधी सिगारेट ओढलेली नसते, आणि त्याचा रोग उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. भारतातील मुखकर्करोगात या विषाणूचा वाटा अल्प आहे. त्यामुळे पाश्चात्त्य आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. याखेरीज कोणतेही व्यसन नसलेल्या काही तरुणांना जिभेचा कर्करोग होतो आणि त्याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

हे सारे आकडे नोंदणीवर उभे असतात. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित, म्हणजे ठरावीक प्रदेशातील सर्व रुग्ण टिपणारी, कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. खेड्यातला रोगी आपण होऊन रुग्णालयात येईलच असे नसल्याने बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडून लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना तपासणीसाठी आणत.

रोग कोणाला होतो या प्रश्नाचे उत्तर तपासणी कोणाची करावी हेही ठरवते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम परिसरात १९९६पासून चाललेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्व लोकसंख्येचा विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही; तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत मात्र मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.