दृश्यभिंतीमागचे संगणक : एका यंत्राकडून क्लस्टरकडे

अनेक पडदे शेजारी शेजारी मांडून त्यांवर एकच अखंड चित्र उभे करण्याच्या, म्हणजेच दृश्यभिंतीच्या, तंत्राकडे पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच पडद्यांवर जाते, पण या तंत्राचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर पडद्यांमागच्या संगणकांची व्यवस्था कोणी आणि कशी लावली, हे पाहावे लागते. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील प्रयोगशाळेत कॅरोलिना क्रूझ-नेइरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी घडवलेली ‘केव्ह’ ही भिंतींवर त्रिमित चित्रे दाखवणारी खोली 1992 मध्ये संगणकीय चित्रणावरच्या सिग्राफ परिषदेत मांडली गेली. 1994 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात चार प्रोजेक्टरांची ‘पॉवरवॉल’ आली. त्या काळात अशा भिंती सिलिकॉन ग्राफिक्सच्या ऑनिक्ससारख्या महागड्या यंत्रांवर चालवल्या जात. एकाच यंत्रात अनेक ग्राफिक्स पाइप (चित्र तयार करणारे स्वतंत्र विभाग), सामाईक मेमरी आणि एकच ऑपरेटिंग सिस्टिम असल्यामुळे व्यवस्थापकाला एकच यंत्र सांभाळावे लागे.

ही मांडणी मोडली ती किमतीमुळे. नासाच्या गोडार्ड केंद्रात 1994 मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या संगणकांचा ‘बेवुल्फ’ क्लस्टर, म्हणजे नेटवर्कने जोडून एकत्र काम करणारा समूह, बांधला होता, आणि पुढच्या काही वर्षांत खेळांच्या बाजारपेठेमुळे ग्राफिक्स कार्डेही झपाट्याने स्वस्त व वेगवान झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाने 1998 मध्ये आठ प्रोजेक्टरांची भिंत साध्या संगणकांवर चालवून दाखवली. स्टॅनफर्डमधील ‘वायरजीएल’ आणि त्यातूनच वाढलेल्या ‘क्रोमियम’ने तर प्रोग्रामने दिलेले ओपनजीएलचे (चित्र काढण्याच्या प्रमाणित आज्ञावलीचे) आदेश मध्येच अडवून ते ज्या त्या पडद्याच्या नोडकडे, म्हणजे क्लस्टरमधल्या संगणकाकडे, पाठवण्याची सोय केली.

पैसे वाचले, मात्र जी जबाबदारी पूर्वी यंत्राच्या रचनेतच सामावलेली होती, ती आता व्यवस्थापकाकडे आली. सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या भिंतीवर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. एक नोड एका फ्रेमने मागे पडला, तरी सरकती रेघ दोन पडद्यांच्या सांध्यावर तुटलेली दिसते. म्हणून सर्व नोडनी आपापली फ्रेम तयार होईपर्यंत एकमेकांसाठी थांबायचे आणि मग एकदमच चित्र बदलायचे, अशी शिस्त सॉफ्टवेअरमध्ये घालावी लागली. डोळ्यांवर चष्मा लावून पाहायच्या त्रिमित चित्रांसाठी तर कार्डांचे सिग्नलही केबलने एका तालावर आणावे लागले.

माझ्या मते या कामाचे वेगळेपण बिघाडाच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसते. गणनेच्या क्लस्टरमधला एक नोड बंद पडला, तर कामे वाटून देणारा शेड्युलर हा प्रोग्राम पुढचे काम दुसऱ्या नोडला देतो. दृश्यभिंतीतला प्रत्येक नोड मात्र आपल्या जागेला बांधलेला असतो, आणि तो पडला की चित्रात तेवढाच काळा चौकोन उरतो. एका नोडवर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची आवृत्ती वेगळी राहणे किंवा एकाच पडद्याचा स्क्रीनसेव्हर सुरू असणे, एवढेही चित्र बिघडायला पुरते. शिवाय मुख्य नोडवरून प्रत्येक नोडच्या एक्स सर्व्हरवर (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) चित्र काढण्याची परवानगी द्यावी लागते, आणि ती घाईने सर्वांनाच खुली केली तर नेटवर्कवरच्या कोणालाही भिंत मोकळी होते.

सॅन डिएगोच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रात 2000 साली सुरू झालेल्या ‘रॉक्स’ या क्लस्टरसाठीच्या लिनक्स वितरणाचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या तयार संचाचे) महत्त्व इथे कळते. बिघडलेला नोड दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो मुळापासून पुन्हा इन्स्टॉल करावा, हे त्याचे धोरण होते. दृश्यभिंतींसाठीच्या त्याच्या जोडसंचात कोणता नोड कोणत्या रांगेत आणि कोणत्या स्तंभात आहे याची नोंद एका ठिकाणी ठेवून त्यावरून प्रत्येक नोडची मांडणी तयार होई. हाताने लिहिलेल्या डझनावारी कॉन्फिगरेशन फायलींपेक्षा हे किती सुरक्षित आहे, हे वेगळे सांगायला नको.

पुढे प्रोजेक्टरांची जागा एलसीडी पडद्यांनी घेतली आणि आकडे वाढत गेले. टेक्सासमधील ‘स्टॅलियन’ भिंतीत 2008 मध्ये 75 पडदे आणि सुमारे 30.7 कोटी पिक्सेल होते. 2012 च्या ‘केव्ह-2’मध्ये 72 पडद्यांसाठी 36 नोड वापरले गेले. त्यानंतर एकाच संगणकातील चार कार्डांवर 16 पडदे जोडून त्यांचा एकच डेस्कटॉप करणे शक्य झाले, आणि लहान भिंतींच्या व्यवस्थापकांना क्लस्टर बांधण्याची गरजच उरली नाही.