घोडा कुठे शोधायचा आणि कुठे नाही

चित्रांच्या रसग्रहणाचा वर्ग होता. पडद्यावर रशियन चित्रकार मालेविचचा काळा चौकोन (पांढऱ्यावर नुसता काळा आकार, १९१५) आला आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "खिडकी आहे, रात्रीची." दुसरा म्हणाला, "शवपेटी." शिकवणाऱ्यांनी दोघांनाही "छान!" म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. पाच मिनिटांपूर्वी त्याच्याच काळातल्या, दुसऱ्या रशियन चित्रकाराच्या, कांडिन्स्कीच्या चित्रात घोडेस्वार सापडला, म्हणून तीच किल्ली या कुलपालाही लावायची?

आधी कांडिन्स्की, भराभर. सुरुवातीला जर्मनीतल्या मुर्नाऊ गावची निसर्गचित्रं, मग चित्रांतल्या वस्तू विरघळत गेल्या. 'कॉम्पोझिशन ६' (१९१३) महाप्रलयावरच्या स्वतःच्याच काचचित्रातून निघालं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच वर्षीचं 'कॉम्पोझिशन ७' दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद आहे. तीसेक कच्ची चित्रं करून झाल्यावर नोव्हेंबरात ते चार दिवसांत रंगवलं. त्यात खाली डावीकडे वल्ह्यांची होडी शोधली तर काही बिघडत नाही. वरणात डाळीचा दाणा दिसला नाही तरी वरण डाळीचंच असतं. (फक्त कांडिन्स्कीबद्दलचं "रंगांचं संगीत" हे ठरलेलं वाक्य आता निवृत्त करा. ऐकून कान किटले.)

मालेविचचं तसं नाही, आणि गाडी इथेच घसरते. तो जो रशियन शब्द वापरायचा, 'बेस्प्रेद्मेत्नोस्त', त्याचा अर्थ वस्तू नसणं. वस्तू पुसणं, लपवणं, विरघळवणं यांपैकी काहीही नाही. डाळ टाकलेलीच नाही.

"मग मालेविचच्याच लाल चौकोनाचं काय?" हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. १९१५च्या त्या चित्राचं नाव साधारण असं: 'दोन मितींतल्या शेतकरी बाईचा चित्रवास्तववाद'. झालं! लोक बाई शोधायला लागतात. कोणाला लाल लुगडं दिसतं, कोणाला ओढणी. मालेविचने प्रदर्शनाच्या वेळीच बजावलं होतं की काही चित्रांना नावं दिली म्हणजे त्यांत ती रूपं शोधावीत असं नाही. खऱ्या वस्तूकडे त्याने निराकार रंगाचे साठे म्हणून पाहिलं आणि त्यांतून असं चित्र केलं ज्याचा निसर्गाशी संबंध उरला नाही. बाई हे फार तर निघण्याचं ठिकाण. गाडी सुटल्यावर स्टेशन डब्यात शोधत नाहीत.

दुसरा घोळ २०१५ नंतरचा. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा काळ्या चौकोनाखाली आधीच्या दोन रंगीत रचना सापडल्या. "बघा, आत चित्र होतंच!" असं आनंदाने सांगणारे मला अजून भेटतात. होतं ना. ते त्याने झाकलं. कांडिन्स्कीची होडी पृष्ठभागावर आहे, तुमच्या डोळ्यांसाठी ठेवलेली. मालेविचच्या त्या रचना रंगाखाली गाडलेल्या. जुन्या भिंतीवर नवा रंग मारला तर खालचा रंग हा नव्या रंगाचा अर्थ होत नाही.

मग बघायचं काय? जे आहे ते. काळ्या चौकोनाच्या कॅनव्हासची बाजू साडेएकोणऐंशी सेंटीमीटर. चौकोन नीट चौरस नाही, त्याची एकही कड कॅनव्हासच्या कडेला पुरती समांतर नाही. त्यामुळे भोवतीची पांढरी पट्टी कमीजास्त होते आणि काळा आकार किंचित हलल्यासारखा वाटतो. काळ्याला भेगा पडल्यात, त्यांतून खालचे रंग डोकावतात. हे चित्र छापील पानावर पाहून "माझा पोरगाही काढेल" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पानावर ते खरंच नुसतं काळं दिसतं.

डिसेंबर १९१५मध्ये पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) '०,१०' प्रदर्शनात ते खोलीच्या वरच्या कोपऱ्यात तिरकं टांगलं होतं. रशियन घरात तिथे पवित्र प्रतिमा असतात, म्हणजे आपल्या देव्हाऱ्याची जागा. यावरून कोणी "हा देवच" म्हणतात. माझ्या मते तो देवाची जागा बळकावतो. देवाचं चित्र होणं वेगळं. आणि "क्रांतीचं प्रतीक" म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं, रशियन क्रांती १९१७ची.

आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांना 'अमूर्त' हा शब्द मंजूर नव्हता. आपल्या चित्रांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे मालेविचसारखंच वस्तू नसलेली, म्हणा, असा त्यांचा आग्रह असे. २०१४मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालं, जे १९३९मध्ये 'म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग' या नावाने सुरू झालं होतं. आणि त्या संग्रहाचा कणा कोण, तर कांडिन्स्की! त्याच्या पुढच्या, भूमितीच्या काळातल्या चित्रांना ते नाव शोभतं. १९१३च्या होडीला नाही.