चुली व खड्डे, मध्ययुगीन (रस्तापूर्व उत्खनन)

रस्त्याच्या आखणीत येणाऱ्या जमिनीवर भराव वा खोदाई सुरू होण्यापूर्वी उघडे करून नोंदविले जाणारे मध्ययुगीन वस्तीचे अवशेष. ही प्रथा मुख्यतः यूरोपातील आहे. नॉर्वेच्या १९७८ च्या कायद्याने उत्खननाचा खर्च सामान्यतः प्रकल्प करणाऱ्यावर टाकला. पुरातत्त्वीय वारशाच्या संरक्षणासाठी झालेल्या १९९२ च्या यूरोपीय व्हॅलेटा करारात हे तत्त्व व्यापक झाले. फ्रान्सने २००१ च्या कायद्यानुसार २००२ मध्ये अशा उत्खननांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन केली.

चुंबकीय सर्वेक्षण व चाचणी चर यांनंतर दाते नसलेल्या बादलीच्या खोदयंत्राने वरची माती पातळ थरांनी काढतात. नांगरटीमुळे चुलीचा वरचा भाग बहुधा गेलेला असतो. उरतो तो भाजून लाल झालेल्या मातीचा डाग. खड्ड्याचा आधी अर्धाच भाग काढून उभ्या छेदाचे रेखाटन करतात, मग उरलेला. खड्ड्यात साचलेली माती (भराव) पाण्यात कालवून तरंगणारे जळके धान्य व तणबिया बारीक चाळणीवर धरतात.

कोळशाने भरलेला खड्डा अन्न भाजण्याचा की कोळसा पाडण्याचा, हा वाद जुना आहे. स्कँडिनेव्हियातील भाजणीचे खड्डे बव्हंशी मध्ययुगाच्या आधीचे असल्याने असे खड्डे पूर्वी सरसकट प्रागैतिहासिक धरले जात. कार्बन-१४ कालमापनानंतर (लाकूड, दाणे इत्यादींतील किरणोत्सारी कार्बनावरून ते वाढले तो काळ काढण्याची पद्धत) चित्र पालटले. आयर्लंडमधील महामार्गांवर मिळालेले बरेच खड्डे मध्ययुगीन ठरले. नॉर्वेतील कोळसाखड्डे सु. दहावे ते चौदावे शतक या काळात दलदलीतील लोहखनिज वितळविण्याशी निगडित दिसतात. तळाशी जळके ओंडके एकाच दिशेने रचलेले, त्यांखाली जागच्या जागी तांबूस झालेली माती आणि भाजणीसाठी तापवून तडकलेल्या दगडांचा अभाव, अशी खूण असल्यास कोळसा पाडण्याचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. नुसत्या काळ्या भरावावरून निर्णय करणे धोक्याचे; चुलीतील राख उकिरड्याच्या खड्ड्यातही येऊन पडते.

कालनिश्चितीतही सावधगिरी लागते. ओक शेकडो वर्षे जगतो. त्याच्या गाभ्याचा कोळसा तपासल्यास तारीख प्रत्यक्ष जाळापेक्षा बरीच जुनी येते. म्हणून जळका दाणा किंवा कोवळी डहाळी पसंत करतात. दाणाही नंतर बिळातून खाली गेलेला नाही ना, हे पाहावे लागते. चुलीची माती पुरेशी तापून निवताना तत्कालीन भूचुंबकीय दिशा धरून ठेवते. तीवरून शेवटच्या जाळाचा काळ काढता येतो. मात्र त्यासाठी माती जराही हललेली नसावी. शिवाय प्रदेशाच्या संदर्भवक्राशी (ही दिशा काळानुसार कशी बदलली ते दाखविणाऱ्या आलेखाशी) जुळविताना कधी दोन पर्यायी कालखंड निघतात. खापरे असल्यास ती निवड सोपी होते, पण खापरे जुन्या थरांतूनही मिसळलेली असू शकतात.

इतर खड्डे धान्यसाठवण, माती काढणे, शौचकूप वा केरकचरा यांसाठी असत. एकाच खड्ड्याचा उपयोग कालांतराने बदललेलाही आढळतो. रस्त्यासाठी संपादित पट्टा अरुंद असल्याने एखाद्या चुलीचे घर, अंगण वा शेत हद्दीबाहेर राहून जाते, आणि अशा सुट्या चुली वस्तीच्या होत्या की रानातील तात्पुरत्या मुक्कामाच्या, हे पुष्कळदा अनिर्णित राहते.