दिएन बिएन फूचा वेढा (१९५३–५४)

पहिल्या इंडोचायना युद्धातील (१९४६–५४) निर्णायक लढाई. व्हिएतनामच्या वायव्य टोकाला, लाओसच्या सीमेलगतच्या खोऱ्यात ती झाली आणि तिने फ्रेंचांची व्हिएतनामवरील सत्ता संपवली.

२० नोव्हेंबर १९५३ रोजी फ्रेंच छत्रीसैनिकांनी खोरे ताब्यात घेतले. लाओसची वाट अडवायची, व्हिएतमिन्ह या हो ची मिन्ह यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी आघाडीच्या सैन्याला उघड्यावर ओढायचे आणि तोफा-विमानांनी चिरडायचे, असा सरसेनापती आंरी नावार यांचा बेत होता. हनोईपासून सुमारे ३०० किमी दूर असलेल्या या तळाची सगळी भिस्त धावपट्टीवर होती. दहा रणगाडे सुटे करून विमानाने आणले आणि तिथे जोडले. मात्र बंकरांना पुरेल एवढे लाकूड-सिमेंट हवाईमार्गे आणणे शक्य नव्हते. भोवतालच्या टेकड्या शत्रूकडे राहिल्या, तरी त्यांवर जड तोफा चढणार नाहीत आणि चढल्याच तर लगेच टिपता येतील, हे गृहीत धरले गेले. तळ बुडाला तो याच गृहीतकामुळे.

व्हिएतमिन्हचे सेनापती व्हो न्गुयेन जियाप यांनी आधी झटपट हल्ल्याची तयारी केली होती. दोन टनांहून जड १०५ मिमी तोफा दोरखंडांनी ओढून, उतारावर चाकांमागे ठोकळे लावत, माणसांनी डोंगरात नेल्या. जानेवारी १९५४च्या अखेरीस, हल्ला तोंडावर आला असताना जियाप यांनी तो रद्द केला आणि तोफा पुन्हा मागे घ्यायला लावल्या. या परतीच्या वाटेवर एक विमानवेधी तोफ घसरू लागली, तेव्हा ‘तो विन्ह दिएन’ नावाचा सैनिक तिच्या चाकाखाली स्वतःला झोकून देऊन मेला. मार्चमधल्या कोणत्याही चढाईपेक्षा लढाईचे वळण या माघारीत आहे. मिळालेल्या सहा-सात आठवड्यांत तोफा टेकड्यांच्या खोऱ्याकडील उतारात, एकेक वेगळ्या बिळात बसवल्या गेल्या. खोट्या तोफाही मांडल्या. फ्रेंच तोफा मात्र विनाछताच्या खड्ड्यांत, वरून सहज दिसतील अशा होत्या.

रसदीच्या बाबतीत सायकलींचे कौतुक फार होते. पण मोठा भार सोव्हिएत ट्रकांनीच वाहिला. ट्रक थांबत तिथून पुढे सायकल. हँडलला बांबू बांधून तो लांबवायचा, सीटमागे दुसरा उभा करायचा आणि शेजारून चालत ढकलायचे. कावडीवर २०–२५ किलो जाई, सायकलवर २०० किलो आणि त्याहून अधिक. हमालाची शिदोरी वाटेतच संपत असल्याने हा फरक मोलाचा होता.

१३ मार्चच्या संध्याकाळी मारा सुरू झाला आणि त्याच रात्री ‘बिआत्रिस’ ठाणे पडले. १५ मार्चला ‘गाब्रिएल’. फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरोथ यांना एकही बिळातली तोफ बंद पाडता आली नाही. त्यांनी हातबॉम्बने आत्महत्या केली. महिनाअखेरीस धावपट्टी निकामी झाली. त्यानंतर जखमींना बाहेर काढता येईना आणि सामान केवळ छत्रीने येऊ लागले. विमानवेधी माऱ्यामुळे ते उंचावरून टाकावे लागे. वेढा आवळत गेला तसतसे ते व्हिएतमिन्हच्या हाती पडू लागले. त्यात १०५ मिमीचे गोळेही असत, आणि ते त्यांच्या तोफांना चपखल बसत.

३० मार्चपासूनच्या समोरासमोरच्या चढायांत व्हिएतमिन्हचीही प्रचंड हानी झाली. मग त्यांनी हल्ल्यांपेक्षा कुदळ-फावड्यांवर भर दिला. खंदकांची लांबी १०० किमीच्या पुढे गेली. ‘एलिआन–२’ टेकडी तरीही दाद देईना, कारण तिथल्या जुन्या इमारतीच्या तळघरात फ्रेंचांना आसरा होता. शेवटी तिच्या पोटात बोगदा खणून ६ मेच्या रात्री सुमारे टनभर स्फोटके उडवली. ७ मेच्या संध्याकाळी सेनाधिकारी द कास्त्री पकडले गेले.

बंदी झालेल्या दहा हजारांहून अधिक सैनिकांपैकी साधारण एक तृतीयांशच जिवंत परतले. पराभूत सैन्यात फ्रेंचांखेरीज परदेशी पलटणीचे शिपाई, अल्जीरियन, मोरोक्कन, स्थानिक ताई जमातीचे लोक आणि व्हिएतनामीही होते. १ नोव्हेंबर १९५४ला अल्जीरियातही फ्रेंचांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले.

पाडावाच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, जिनिव्हा परिषदेत इंडोचायनाची चर्चा सुरू झाली. जुलैच्या करारांनी युद्धबंदी होऊन देश १७व्या अक्षवृत्तापाशी तात्पुरता विभागला गेला. देखरेखीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले, कॅनडा आणि पोलंड सदस्य होते. १९५६मध्ये ठरलेल्या एकीकरणाच्या निवडणुका झाल्याच नाहीत.